हातची किंमत

सरकारी मराठीत तिला हातची किंमत म्हणतात.
लिलावात तिच्याखाली कुणी बोलायचं नाही.
शाळेत बेरजेतला हातचा
हमखास विसरायची मी.
आता बेलापूरला, सातव्या मजल्यावर,
त्याचाच पगार मिळतो.

विकायचं काय, तर लहरी.
त्यांना वजन नाही, वास नाही, त्या शिळ्या होत नाहीत.
खाडीच्या या काठाचे नकाशावर एकतीस तुकडे पाडलेत;
एकेका तुकड्यात कुणीतरी आपलं छोटं जाळं टाकावं,
गोदामापुरतं, कॉलेजापुरतं,
फार तर एका गावापुरतं.
डोकी गुणिले मेगाहर्ट्झ गुणिले दर.
दर कुठून आला? मागच्या लिलावातून.
आणि मागचा?
त्याच्या मागच्यातून.
त्याच्याही मागे एक फाइल आहे, तिची पहिली पानं
एकमेकांना चिकटलीत, असं खांबेटे साहेब सांगतात
आणि चहा ढवळत राहतात.

वाशीचा तुकडा आपोआप फुगला.
अडले सत्ताविसाव्याशी.
खाली महापेचे कारखाने, वर गवळीदेवाचा डोंगर,
मध्ये खाणीनं कुरतडलेली बाजू आणि एक पाडा.
डोकी त्या जनगणनेतली, जिच्यात मोजलेली पोर
आज स्वतः आई आहे.
कारखान्यांत दिवसा नऊ हजार माणसं,
पण आमच्या सूत्रात माणूस
जिथे झोपतो तिथेच असतो.

पाड्यावर बुधी वाघेनं मला कातळ दाखवला.
वर चढायचं, ऐरोलीकडे तोंड करायचं,
मग लागतो फोन.
दवाखान्याला, शाळेला, ठेकेदाराला,
सगळ्यांना तिथूनच.
पायांनी घासून कातळ
देवळाच्या पायरीसारखा गुळगुळीत झालाय.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

जास्त लावली तर कुणी फिरकणार नाही.
कमी लावली तर कुणी चिंचोक्याच्या भावात घेईल
आणि कुलूप घालून बसेल.
रात्रभर मी दशांशचिन्ह
इकडून तिकडे सरकवत होते.

पहाटे दिवाळ्याच्या धक्क्यावर गेले, मासळीसाठी.
चांगुणा मढवीनं पाटी पालथी केली,
एकदा बघितलं, आणि म्हणाली,
आठशे!
कागद नाही, मागचा दर नाही.
कसं ठरवलंस, मी विचारलं.
ती हसली नाही. हात पदराला पुसले.
“ती किंमत नाय बाय, ती हाक हाय.
पुढच्यानं पाठ फिरवू नये एवढी खाली,
न् मासलीला लाज वाटू नये एवढी वर.”
मग शेजारणीकडे बघत, हळूच,
“न् गिऱ्हाईक एकच असंल, तर हाक मारायचीच नाय.
थांबायचं.”

आम्हाला थांबता येत नाही.
तारीख राजपत्रात छापलेली असते.

“डोंगराचा गुणक काय धरलास?”
“शून्य पूर्णांक सहा.”
“आधार?”
“कातळ,” म्हणाले असते.
म्हणाले, “भूरचना.”
साहेबांनी सही केली,
आणि सहीखाली मी एक अट घुसवली होती ती वाचली का,
मला अजून माहीत नाही:
दोन वर्षांत पाड्यावर लहर पोचली नाही
तर तुकडा परत.

लिलाव पडद्यावर झाला. बोली म्हणतात,
पण बोललं कुणीच नाही.
वाशीला बावीस फेऱ्या.
सत्तावीसला एक हात वर झाला,
बरोबर माझ्या आकड्यावर, रुपयाचाही फरक नाही.
“अचूक!” साहेब म्हणाले.
मी मान डोलावली.
अचूक होते,
की दुसरा हात वर यायच्या आधीच
मी घाबरवून खाली बसवला?

चांगुणानं वर टाकलेली मूठभर मांदेली
ऑफिसच्या फ्रिजमध्ये राहिली होती.
पिशवी गळत होती.
लेखा विभागाचे लोक
वास कुठून येतोय शोधत होते.